अंडाशयातली गाठ आणि इंजेक्शनांनंतरची सूज : घरी न्यायच्या कागदावर नेमकं काय लिहावं?

अबोली_फोंडा | सोमवार, सकाळी ९:१२

वंध्यत्वाच्या ओपीडीत समुपदेशन करणाऱ्या आम्ही काही जणी मराठीत एक पानी कागद तयार करतोय. आयव्हीएफसाठी बीजं काढून बाई घरी निघाली की तिच्या हातात द्यायचा. इंग्रजीत असे कागद पुष्कळ आहेत, पण पेडण्याच्या नाहीतर सांग्याच्या घरात तो वाचणार कोण? बहुतेक वेळा आई किंवा सासूबाई. त्यांना वाचून लगेच उमगलं पाहिजे.

अडचण अशी की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, उपचार सुरू होण्याआधी सोनोग्राफीत दिसणारी सिस्ट. दुसरी, इंजेक्शनांमुळे अंडाशय प्रमाणाबाहेर फुगून पोटात पाणी होणं, म्हणजे ओएचएसएस. पहिलीचं नाव काढलं की घरात रडारड होते, कारण 'गाठ' म्हटलं की कॅन्सरच डोळ्यांपुढे येतो. दुसरीला मात्र 'इंजेक्शनं घेतली की पोट फुगतंच' म्हणून दोन-दोन दिवस काढले जातात. जिवावर बेतू शकतं ते या दुसरीने.

इथे सोनोग्राफीवाले, लॅबवाले, औषध दुकानवाले सगळे आहात. मोघम 'काळजी घ्यावी' नको. आकडे हवेत, घरी मोजता येतील असे.

प्रोबवाली | सोमवार, सकाळी १०:४०

आधी सिस्टचं घेते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी ही अंडाशय शांत आहे ना एवढं पाहायला असते. तेव्हा २ ते ९ मिमीची बारीक फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, दिसतात. ती मोजायची, कारण त्या आकड्यावर पुढचा डोस ठरतो. त्यांच्यासोबत २-३ सेंमीची, पातळ भिंतीची, आत नितळ काळं पाणी असलेली सिस्ट दिसली तर बहुधा ते मागच्या महिन्याचं न फुटलेलं फॉलिकल असतं, नाहीतर जिरायचं राहिलेलं कॉर्पस ल्युटियम (बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेलं फॉलिकल). अशा सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात.

पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) रिपोर्टात 'मल्टिपल सिस्ट्स' असं जे छापलं जातं, त्याने फार नुकसान होतं. त्या गाठी नव्हेतच, ती वाढ अर्ध्यावर थांबलेली फॉलिकल्स. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका अंडाशयात २० किंवा जास्त फॉलिकल्स असतील, किंवा अंडाशयाचं आकारमान १० मिली किंवा जास्त असेल, तर त्याला पॉलिसिस्टिक म्हणायचं. काढायचं त्यात काहीच नसतं. पण ओएचएसएसचा धोका सगळ्यात जास्त याच बायकांना, म्हणून ही ओळ कागदावर हवीच.

मांडवीपार | सोमवार, सकाळी ११:०५

मग २ सेंमीच्या सिस्टसाठी कुणी डॉक्टर महिनाभर थांबवतात आणि कुणी त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करतात, हे कसं?

बारदेशकर | सोमवार, दुपारी १:३०

मांडवीपार, आकारापेक्षा ती सिस्ट हार्मोन तयार करते आहे का, हे महत्त्वाचं. त्यासाठी त्याच दिवशी रक्तातलं इस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन बघायचं. दोन्ही खाली असतील तर सिस्ट नुसतीच बसून आहे, इंजेक्शनं सुरू करायला हरकत नाही. इस्ट्राडिओल चढलेलं असेल तर शरीराच्या हिशेबी पाळीचा मध्य चालू आहे. तेव्हा इंजेक्शनं दिली तर फॉलिकल्स एकसारखी वाढत नाहीत, आणि दिवस, पैसा, औषध सगळं वाया जातं. एक पाळी थांबणं किंवा दोन-तीन आठवडे गर्भनिरोधक गोळ्या देऊन अंडाशय शांत करणं, हाच सरळ मार्ग.

सुईने सिस्ट रिकामी करून लगेच सुरुवात करण्याची पद्धतही आहे, पण त्याने गर्भ राहण्याचं प्रमाण वाढतं असा ठोस पुरावा नाही.

चॉकलेट सिस्टचं, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे जुनं रक्त साचून झालेल्या गाठीचं, गणित वेगळं. सोनोग्राफीत आतलं द्रव काळं दिसत नाही, दळलेल्या काचेसारखं धुरकट दिसतं. ती आधी शस्त्रक्रियेने काढावी असा आग्रह घरून फार असतो. पण सिस्टची भिंत सोलताना भोवतीची चांगली बीजंही जातात आणि एएमएच (बीजांचा साठा किती ते दाखवणारा रक्तातला आकडा) खाली येतो. म्हणून फक्त आयव्हीएफचा निकाल सुधारावा यासाठी सरसकट शस्त्रक्रिया आता सुचवत नाहीत. दुखणं फार असेल, बीजांपर्यंत सुई पोचायला अडथळा होत असेल किंवा गाठीच्या स्वरूपाबद्दल शंका असेल, तर गोष्ट निराळी.

लॅबमधली_शेवंती | सोमवार, दुपारी ३:१५

+१. बीजं काढताना सुई चॉकलेट सिस्टमध्ये शिरू नये याची शिकस्त करतात तेही म्हणूनच. ते जुनं रक्त म्हणजे जंतूंना आयतं खाद्य, पू होऊ शकतो. शिवाय ते द्रव बीजांच्या ट्यूबमध्ये आलं तर सुई आणि ट्यूब दोन्ही बदलावी लागतात.

आणि 'बीजं जितकी जास्त तितकं चांगलं' ही समजूत कागदावरच खोडून टाका. साधारण १५ बीजांपर्यंत फायदा वाढत जातो. त्यापुढे ताज्या चक्रात (भ्रूण त्याच महिन्यात ठेवतात तेव्हा) तो फारसा वाढत नाही, ओएचएसएसचा धोका मात्र वाढत राहतो. २५ बीजं निघाली म्हणून पेढे वाटायला निघालेल्या घराला तेव्हाच सांगायला हवं की आता आठ-दहा दिवस हिच्यावर लक्ष ठेवा.

बारदेशकर | सोमवार, रात्री ९:५०

आता ओएचएसएस. यामागचं कारण समजलं की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही.

इंजेक्शनांनी फॉलिकल्स वाढतात, पण नुसत्या वाढीने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते ट्रिगरने, म्हणजे बीजं पिकवायला शेवटी देतात त्या इंजेक्शनाने. ट्रिगर एचसीजीचा (गर्भारपणातल्या हार्मोनचा) असेल तर तो बरेच दिवस रक्तात राहतो आणि फुगलेल्या अंडाशयांतून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य भरमसाट सुटतं. त्याने बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, कधी छातीत. म्हणजे पोटात पाणी आणि रक्तवाहिन्यांत कोरड, दोन्ही एकाच वेळी. रक्त दाट होतं, लघवी कमी होते, गुठळी होण्याची भीती वाढते. पाय किंवा पोट सुजलेलं दिसलं म्हणून लघवीची गोळी देणं इथे घातक ठरतं ते याचसाठी. आधीच आटलेलं रक्त आणखी आटतं.

वेळेप्रमाणे दोन प्रकार. ट्रिगरनंतर नऊ-दहा दिवसांच्या आत सुरू होतो तो ट्रिगरमुळे. त्यानंतर सुरू होतो तो गर्भ राहिल्यामुळे, कारण आता गर्भच एचसीजी बनवत असतो. हा दुसरा जास्त दिवस चालतो आणि अनेकदा जास्त तीव्र असतो. गर्भ राहिला नाही तर पाळी येईपर्यंत बहुतेक उतरतो.

धोका कुणाला जास्त? पीसीओएस, कमी वय, शिडशिडीत बांधा, एएमएच साधारण ३.५ नॅनोग्रॅमच्या वर, दोन्ही अंडाशयांत मिळून २४ च्या वर फॉलिकल्स, आणि आधी एकदा होऊन गेलेलं असणं. अशा बाईला एफएसएचचा (फॉलिकल्स वाढवणाऱ्या इंजेक्शनाचा) डोस सुरुवातीलाच कमी, १०० ते १५० युनिटच्या आसपास, पद्धत अँटॅगॉनिस्टची (बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून मधले काही दिवसच वेगळं इंजेक्शन देण्याची), आणि ट्रिगर एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा. या ट्रिगरने बाईच्या स्वतःच्या पिट्युटरीतून (मेंदूखालच्या ग्रंथीतून) एलएच हे बीज पिकवणारं हार्मोन सुटतं आणि थोड्या वेळात ओसरतं. अंडाशयाला चिथावणी मिळते ती तेवढीच. त्याचबरोबर सगळे भ्रूण फ्रीझ करायचे आणि त्या महिन्यात गर्भाशयात काही ठेवायचं नाही. एवढं केलं तर तीव्र ओएचएसएस क्वचितच दिसतो.

मांडवीपार | सोमवार, रात्री १०:२०

असं असेल तर सगळ्यांनाच तो ट्रिगर का देत नाहीत?

बारदेशकर | मंगळवार, सकाळी ७:४५

लाँग प्रोटोकॉलमध्ये पिट्युटरी आधीच दाबून ठेवलेली असते, तिथे हा ट्रिगर चालणारच नाही. बरेच महिने गर्भनिरोधक गोळ्यांवर असलेल्या किंवा वजन फार कमी असलेल्या काही जणींतही तो कमी पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तातलं एलएच बघून घेतात. ते १५ च्या खाली असेल तर बीजं हाती न लागण्याची शक्यता धरायची. शिवाय या ट्रिगरनंतर शरीराचं प्रोजेस्टेरॉन लवकर ढासळतं, त्यामुळे त्याच महिन्यात भ्रूण ठेवायचा तर वेगळा आधार द्यावा लागतो.

केमिस्ट_साखळी | मंगळवार, सकाळी ९:३०

औषधांत होणारी गफलत सांगतो, कारण ती आमच्या काउंटरवरच होते.

१. ल्युप्रोलाइड दोन रूपांत येतं. ट्रिगरसाठी साधं पाण्यातलं, १ किंवा २ मिग्रॅ. डेपो ३.७५ मिग्रॅ हे महिनाभर हळूहळू सुटणारं, ते ट्रिगरचं नव्हे. चिठ्ठीवर नुसतं 'ल्युप्रोलाइड' असेल तर दुकानातून फोन केल्याशिवाय देऊ नये, घेऊही नये.

२. कॅबरगोलिन. ओएचएसएस टाळायला ०.५ मिग्रॅ रोज एक, ट्रिगरच्या दिवसापासून आठ दिवस. हीच गोळी प्रोलॅक्टिन वाढलेल्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा देतात, त्यामुळे पाकिटावर सवयीने 'आठवड्यातून' असं लिहिलं जातं. ०.२५ चीही गोळी मिळते, तेव्हा ताकद वाचूनच घ्या. चक्कर येते, रक्तदाब उतरतो, म्हणून रात्री जेवून लगेच झोपताना घ्यायची.

३. दुखण्यावर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडावर ताण येतो. घरात जुनी पट्टी असतेच, ती आधीच बाजूला काढून ठेवा.

४. एफएसएचची पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरला चिकटून नको. उघडलेलं पेन बाहेर चालतं असं लिहिलेलं असलं तरी मर्यादा बहुधा २५ अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात घर त्याहून कितीतरी गरम. पावसात वीज गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज काही तास थंडावा धरतो.

अबोली_फोंडा | मंगळवार, सकाळी १०:००

दुसरा मुद्दा एकदम नवा, धन्यवाद. 'रोज एक, आठ दिवस' असं ठळक टाकते.

कुळागर | मंगळवार, दुपारी १२:१०

आहाराचं बोलायचं तर आपल्याकडे बाई बीजं काढून आली की दारात शहाळ्यांची रास पडते. माडाला दोष नाही, पण लिटरच्या लिटर शहाळ्याचं पाणी इथे बरं नव्हे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचं. तीव्र ओएचएसएसमध्ये रक्तातलं सोडियम उतरतं आणि पोटॅशियम चढू शकतं, म्हणजे शहाळं नेमकं उलट्या बाजूला ढकलतं. दिवसाला एखादं प्यायलं तर ठीक.

मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, पातळ ताक, मिठाची सोलकढी, आणि ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ते पेलाभर पाण्यात कालवू नका. एका वेळी थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने पाव पेला, कारण पोट दाबलं गेल्याने दोन घासांत भरल्यासारखं होतं आणि मग उलटी होते.

आगोंद_वारा | मंगळवार, दुपारी २:४०

सगळीकडे 'रोज तीन-चार लिटर पाणी प्या आणि दहा अंड्यांचा पांढरा भाग खा' असं सांगतात. ते चूक म्हणायचं?

कुळागर | मंगळवार, दुपारी ३:०५

अंड्याच्या पांढऱ्याने अपाय नाही. पण आज खाल्लेलं प्रोटीन उद्या रक्तातलं अल्ब्युमिन होऊन पोटातलं पाणी ओढून घेत नाही. गरज पडली तर अल्ब्युमिन इस्पितळात शिरेतून देतात. खाता येत असेल तर खावं, बळजबरी करू नये.

बारदेशकर | मंगळवार, दुपारी ४:२०

पाण्याचं कुळागर म्हणतात तेच. तहानेप्रमाणे प्यावं, साधारण दोन ते अडीच लिटर. ओतत राहिल्याने झिरपणं थांबत नाही. तोंडाने दीड लिटर आत आणि लघवी अर्धा लिटर, हा हिशेब दिसला की इस्पितळ गाठायचं.

प्रोबवाली | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

बीजं काढल्यानंतरच्या सोनोग्राफीबद्दल. रिकामी केलेली फॉलिकल्स रक्ताने पुन्हा भरतात. अंडाशय ७-८ सेंमीचा, आत जाळीजाळीच्या पोकळ्या. ज्याला ट्रिगरची तारीख सांगितलेली नाही तो याला सहज 'कॉम्प्लेक्स सिस्ट' लिहील, आणि पुढे कुणी शस्त्रक्रिया सुचवेल. हा अंडाशय ठिसूळ असतो, त्याला सुई लावायची नाही, पोट दाबून तपासायचं नाही. काही आठवड्यांत तो मूळ आकारावर येतो, गर्भ राहिला असेल तर जास्त वेळ लागतो.

अंडाशय ८ सेंमीच्या आत आणि थोडं फुगल्यासारखं, हे सौम्य. ८ ते १२ सेंमी, मळमळ-उलट्या आणि सोनोग्राफीत पाणी, हे मध्यम. पोट वरूनच पाण्याने ताठ दिसतंय, लघवी दिवसाला ३०० मिलीच्या खाली, हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय तो टक्क्यांतला आकडा) ४५ च्या वर, हे तीव्र. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर गेला, धाप किंवा गुठळी, म्हणजे अतिदक्षता विभाग. आकार एकटा धरून प्रतवारी करू नका, कारण बीजं काढल्यावर अंडाशय सगळ्यांचेच मोठे असतात. मोठा अंडाशय ओटीपोटातून वर सरकतो, तेव्हा योनीमार्गे घातलेल्या प्रोबमध्ये तो पुरता मावत नाही. पोटावरूनही बघायचं आणि यकृत-मूत्रपिंडाच्या मधल्या फटीत पाणी आहे का तेही.

पीळ विसरू नका. जड झालेला अंडाशय स्वतःच्या देठावर फिरतो. ओएचएसएसचं दुखणं दोन्ही बाजूंना, चढत जाणारं. पिळाचं एकदम, एकाच बाजूला, उलटीसकट. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. तासांचा मामला आहे. उड्या, धावणं, जड बादली, योगासनांतले पिळे, शरीरसंबंध, हे सगळं बंद ते याचसाठी. पण अंथरुणाला खिळूनही राहायचं नाही, गुठळी होते. घरातल्या घरात फिरत राहावं.

आयूआय_प्रश्न | मंगळवार, रात्री ८:१५

हे सगळं आयव्हीएफचंच का? आयूआयच्या, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडतात त्या उपचाराच्या, इंजेक्शनांत होत नाही?

बारदेशकर | मंगळवार, रात्री ९:४०

होतं. आयूआयमध्ये 'सगळं फ्रीझ करू' ही पळवाट नसते, एवढं ध्यानात घ्या. पीसीओएसच्या बाईची पाच-सहा फॉलिकल्स एकदम वाढली तर ट्रिगरच द्यायचा नाही, त्या महिन्यात संबंधही टाळायचे. जुळी-तिळी राहण्याचा धोका वेगळाच. चक्र रद्द करणारे डॉक्टर भित्रे नसतात. उपचारानंतर आधार म्हणून एचसीजीची इंजेक्शनं देण्याची जुनी पद्धतही अशा बायकांत नको, प्रोजेस्टेरॉन पुरतं.

लॅबमधली_शेवंती | मंगळवार, रात्री १०:०५

जोडीला एक. एचसीजीचा ट्रिगर घेतल्यावर आठव्या दिवशी घरी लघवीची टेस्ट करू नका. पट्टीवर दुसरी रेघ येते ती इंजेक्शनाची. ठरल्या दिवशी रक्तातलं बीटा एचसीजीच करावं. आणि फ्रीझ म्हणजे कमी दर्जा असंही मनात धरू नका. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये भ्रूण तसाच राहतो. अंडाशय खाली बसल्यावर, एक-दोन पाळ्यांनी ठेवता येतो.

अबोली_फोंडा | बुधवार, सकाळी ९:००

मूळ प्रश्नाकडे येते. घरचं मोजमाप असं लिहिलंय, बघा:

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन. झोपून, श्वास सोडल्यावर, बेंबीवरून टेपने पोटाचा घेर. कडेला पेनाने दोन खुणा करून ठेवायच्या, म्हणजे रोज टेप त्याच जागी पडेल. लघवी मापाच्या मगमध्ये, २४ तासांची बेरीज. एका दिवसात १ किलो वाढलं, किंवा लघवी दिवसाला लिटरच्या खाली आणि गडद, किंवा पाणीही पोटात टिकत नाही, तर त्याच दिवशी केंद्रावर फोन. सपाट झोपल्यावर धाप, छातीत दुखणं, एका बाजूची तीव्र कळ, चक्कर येऊन पडणं, तर फोनची वाट न बघता १०८.

कॅज्युअल्टी_रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:२०

अबोलीताई, यात गुठळीची खूण अर्धीच राहील. पोटरी सुजणं सगळे लिहितात. ओएचएसएसमध्ये गुठळी मानेच्या आणि हाताच्या शिरांतही होते, कधी पोट उतरल्यानंतर काही आठवड्यांनी. मान किंवा एक हात सुजून दुखत असेल तर 'अवघडली असेल' म्हणून तेल चोळू नका, हे स्पष्ट लिहा.

आणि कागदाची मागची बाजू आमच्यासाठी ठेवा. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ मध्ये विनामूल्य आयव्हीएफ सुरू झालं, त्यामुळे काणकोण-सत्तरीपासून बायका बांबोळीला येतात. पण रात्री दोन वाजता त्रास झाला तर काणकोणची बाई आधी मडगावच्या जिल्हा इस्पितळात पोचते आणि पेडण्याची म्हापशाला. समोरच्या डॉक्टरला पोट ताठ, उलट्या, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, तो अपेंडिक्स शोधू लागतो. बाई लाजेने उपचारांचं बोलत नाही, सासूबाई तर नाहीच बोलत. म्हणून मागे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: ट्रिगरचं औषध, डोस, तारीख, वेळ, किती बीजं काढली, भ्रूण ठेवलाय की नाही, केंद्राचा रात्रीचा नंबर. खाली चार ओळी: डायक्लोफेनॅक नको, लघवीचं औषध नको, पोट दाबू नका, हिमॅटोक्रिट-क्रिएटिनिन-सोडियम-पोटॅशियम आणि सोनोग्राफी लगेच. गुठळीसाठी इनॉक्सापॅरिनचा विचार, आणि पाणी काढायचं तर सोनोग्राफीखालीच.

आगोंद_वारा | बुधवार, दुपारी १२:००

चतुर्थीच्या दिवसांत केंद्रं बंद असतात. रात्रीचा नंबर त्या चार दिवसांत कोण उचलणार तेही लिहायला हवं.

अबोली_फोंडा | बुधवार, दुपारी १:१५

मागच्या बाजूचं शंभर टक्के पटलं, चतुर्थीचंही. घरात बोलता येत नसेल तर कागद बोलेल. मानेची खूण १०८ च्या ओळीत घालते. तक्त्याची पहिली ओळ 'बीजं काढली त्या दिवशीचं वजन' अशी करते.

प्रोबवाली | बुधवार, दुपारी १:५०

तो दिवस नको. तेव्हा अंडाशय आधीच फुगलेले आणि पोटात थोडं पाणी असतंच, तुलना चुकेल. इंजेक्शनं सुरू करायच्या सकाळचं वजन आणि घेर केंद्रातच मोजून छापील रकान्यात भरून द्या, त्याखाली ट्रिगरच्या सकाळचं. कागदही तेव्हाच द्या. बीजं काढून भुलीतून उठलेल्या बाईला वाचायला सांगितलेलं त्या दिवशी काही डोक्यात राहत नाही.